डाग दिसतो तोवर रोग जुना झालेला असतो

१८६८ च्या जुलै महिन्यात दक्षिण फ्रान्समध्ये, ऱ्होन नदीच्या खालच्या खोऱ्यात, तीन माणसं एका द्राक्षबागेत वेली उपटून बघत होती. त्या भागात चार-पाच वर्षांपासून बागाच्या बागा वाळत चालल्या होत्या आणि कारण कुणालाच सापडत नव्हतं, कोणी म्हणायचं जमीन थकली, कोणी म्हणायचं हवामान बिघडलं. त्या तिघांतले एक होते माँपेलिएचे वनस्पतिशास्त्रज्ञ ज्यूल-एमिल प्लांशाँ. त्यांनी आधी मेलेल्या वेली उपटल्या. मुळं काळी, कुजलेली, पण त्यांच्यावर ना किडा ना अळी, काहीच नाही. मग शेजारची, अजून हिरवी असलेली वेल उपटली आणि भिंगातून बघितलं तर मुळांवर पिवळट, माव्याच्या जातीच्या बारीक किड्यांची नुसती दाटी! वेल मरायला लागली, मुळातला रस संपला की हे किडे तिला सोडून पुढच्या जिवंत वेलीवर जायचे. म्हणजे इतके दिवस सगळे जण मेलेल्या वेलीत कारण शोधत होते आणि कारण हिरव्या वेलीखाली बसलेलं होतं.

हीच ती फिलॉक्सेरा. द्राक्षाच्या रोगांचा विषय निघाला की मी ही गोष्ट आधी सांगतो. खरं तर ती कीड आहे, रोग नाही, पण द्राक्षात जे काही बिघडतं त्या सगळ्याची चाल याच गोष्टीत आहे असं मला वाटतं. आपल्याला जो रोग दिसतो तो रोगाचा शेवटचा भाग असतो. लागण होते एका दिवशी आणि डाग दिसतो दुसऱ्याच दिवशी असं द्राक्षात होत नाही, मधे काळ जातो. डाऊनी मिल्ड्यू म्हणजे केवडा रोगात काही दिवस, घड कुजवणाऱ्या बुरशीत काही महिने, खोडाच्या रोगांत काही वर्षं. आणि जे काय करायचं ते त्या मधल्या काळात नाहीतर त्याच्याही आधी करायचं असतं. डाग बघून धावणारा माणूस कायम उशिराच पोचतो.

डाऊनीच घ्या ना. पानाच्या वरच्या बाजूला तेलकट पिवळा डाग आणि त्याच्या बरोब्बर खाली, पानाच्या पाठीवर, पांढरी लव. आपण सवयीने तिला बुरशी म्हणतो पण शास्त्राच्या हिशोबाने ती खरी बुरशी नाहीच, ऊमायसीट म्हणून वेगळा गट आहे आणि त्याचं नातं समुद्रातल्या तपकिरी शेवाळांशी जास्त जवळचं आहे. हे नुसतं पुस्तकी ज्ञान नाही बरं का, यातूनच तिचा स्वभाव कळतो. तिला पाणी लागतं. तिचे बीजाणू ओल्या पानावर पडले की त्यातून शेपटीवाले सूक्ष्म जीव बाहेर येतात आणि ते अक्षरशः पोहत पोहत पानाच्या खालच्या बाजूच्या रंध्रांपर्यंत जातात, तिथे चिकटतात आणि आत शिरतात. पान कोरडं असेल तर हा प्रवास होऊच शकत नाही. काही तासांची ओल मात्र पुरते. आणि एकदा आत शिरली की हवामान कसं आहे त्याप्रमाणे पाच दिवस, आठ दिवस, कधी दहा-बारा दिवस ती पानाच्या आत वाढत राहते आणि वरून पान एकदम ठणठणीत दिसतं. म्हणून डाग दिसला की पहिला प्रश्न "आज काय फवारू" हा नसतो, "आठवड्यापूर्वी पान किती वेळ ओलं होतं" हा असतो.

थंडीत वेल झोपलेली असते तिथे डाऊनी जमिनीवर पडलेल्या पानांत जाड कवचाच्या बीजाणूंच्या रूपात टिकते. वसंतात तिचा पहिला हल्ला कधी होईल याचा एक जुना ठोकताळा आहे, तीन दहांचा. फुटवा १० सेंटीमीटर झालेला, पाऊस १० मिलीमीटर पडलेला आणि तापमान १० अंशांच्या वर. हे तिन्ही जुळले की सावध व्हायचं. ठोकताळाच आहे, दर वेळी खरा ठरेल असं नाही, आता पानाची ओल मोजणारे सेन्सर आणि कॉम्प्युटर मॉडेल आहेत जी यापेक्षा खूप बारकाईनं सांगतात, पण मला हा ठोकताळा आवडतो, कारण त्यात डागाचं नावसुद्धा नाही. फुटव्याकडे, पावसाकडे आणि हवेकडे बघा एवढंच तो सांगतो.

एक साधी गोष्ट सांगतो जी कुणालाही करता येईल. डाग डाऊनीचा आहे का औषधाने भाजल्याचा आहे का अजून कशाचा अशी शंका आली तर ते पान तोडा, ओल्या कागदाबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घाला, तोंड बांधा आणि रात्रभर अंधारात ठेवा, फार थंड जागा नको. अंधार लागतोच कारण डाऊनी आपले बीजाणू अंधारातच तयार करते, सोबत दमट हवा हवी. संध्याकाळी पान घालताना त्याची पाठ साफ असते, सकाळी पिशवी उघडली की डागाच्या खाली, शिरांनी अडवलेल्या त्या चौकोनी-तिकोनी जागेत, पांढरी शुभ्र लव उभी असते. भिंग धरलं तर तिचे फांद्या फुटलेले दांडे आणि टोकाचे बारीक गोल बीजाणू वेगवेगळे दिसतात. कितीही वेळा बघितलं तरी मला ते थक्क करतं, की आदल्या संध्याकाळी हे सगळं तिथेच, पानाच्या आत, तयार होऊन बसलेलं होतं. भाजल्याचा डाग असेल तर सकाळी तसाच्या तसा, कोरडा.

डाऊनीवरचं पहिलं औषध कसं सापडलं तेही या मुद्द्याला धरूनच आहे. हा रोग मूळचा उत्तर अमेरिकेतला, युरोपात तो १८७८ मध्ये फ्रान्समध्ये पहिल्यांदा सापडला आणि बहुतेक तो फिलॉक्सेरावर उपाय म्हणून मागवलेल्या अमेरिकन वेलींबरोबरच आला. एका संकटाचा उपाय आणायला गेले आणि दुसरं संकट त्याच बोटीतून उतरलं! १८८२ मध्ये पिएर-मारी-आलेक्सी मिलार्दे हे बोर्डोचे प्राध्यापक मेडॉक भागात फिरत होते, तिथे त्यांना दिसलं की सगळीकडे डाऊनीने पानं झडलीयत पण रस्त्याच्या कडेच्या ओळी मात्र हिरव्या आहेत. चौकशी केली तर कळलं की येणारे-जाणारे घड तोडून नेतात म्हणून तिथल्या लोकांनी कडेच्या वेलींवर मोरचूद (तांब्याचं निळं मीठ) आणि चुना शिंपडला होता, विषारी दिसावं म्हणून. मिलार्देंनी त्यावर प्रयोग केले आणि १८८५ मध्ये मिश्रण जाहीर केलं, तेच आपलं बोर्डो मिश्रण. आता गंमत बघा, त्या लोकांनी ते शिंपडलं होतं रोग यायच्या आधी, आणि म्हणूनच ते चाललं. तांबं पानाच्या पृष्ठभागावर राहतं, पोहत येणाऱ्या त्या जीवांना ते आत शिरायच्या आधी मारतं, आत गेलेल्या रोगाला ते हातही लावू शकत नाही.

आत शिरणारी औषधंही नंतर आली. मेटालॅक्झिल १९७० च्या दशकाच्या शेवटी आलं तेव्हा लोकांना वाटलं आता सुटलो, लागण झाल्यावरसुद्धा काम करतंय, आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच युरोपातल्या बागांमध्ये त्याला न जुमानणारी डाऊनी सापडायला लागली. पुढे स्ट्रोबिल्युरिन गटाचं तेच झालं, तीही काही वर्षांतच बऱ्याच ठिकाणी निकामी ठरली. एकाच ठिकाणी मारा करणारं औषध असलं की रोगात एक छोटा जनुकीय बदल झाला तरी पुरतो. म्हणून गट बदलत राहायचं आणि डाग दिसल्यावर त्याच औषधाचे फवारे वाढवत जायचं नाही, कारण त्या वेळी बागेत कोट्यवधी बीजाणू असतात आणि त्यातला जो वाचतो त्यालाच आपण निवडून काढत असतो. तांब्याला असा प्रतिकार सहज येत नाही, पण तांबं जमिनीत साठतं, ते कुजत नाही, नाहीसं होत नाही, आणि गांडुळांपासून सूक्ष्मजीवांपर्यंत सगळ्यांना जड जातं. म्हणून युरोपियन युनियनने २०१९ पासून ७ वर्षांत मिळून हेक्टरी २८ किलो तांबं एवढीच मर्यादा ठेवलीय.

भुरीचा, म्हणजे पांढरी भुकटी टाकल्यासारख्या दिसणाऱ्या बुरशीचा, स्वभाव बरोबर उलटा, आणि डाऊनीचा नियम भुरीला लावायला गेलं की घोटाळा होतो. भुरीला ओलं पान लागत नाही, उलट साचलेलं पाणी तिच्या बीजाणूंना सोसत नाही. तिला दमट हवा, सावली आणि २० ते २७ अंशांचं सुखाचं तापमान पाहिजे. पाऊस नाही म्हणून माणूस निर्धास्त असतो आणि दाट पानांच्या आत भुरी पसरत असते. ती पानाच्या वर वाढते, आत फक्त शोषण्यासाठी बारीक सोंड घालते, त्यामुळे ऊन थेट तिच्यावर पडलं तर ती मार खाते. बगलफुटी (पानांच्या बगलेतले जादा फुटवे) काढून घडांजवळ ऊन आणि वारा खेळू देणं हे म्हणूनच औषधाइतकं मोलाचं आहे, आणि मला वाटतं हे काम सगळ्यात जास्त टाळलं जातं, कारण त्यात अंगमेहनत आहे आणि त्याचा परिणाम लगेच डोळ्याला दिसत नाही.

युरोपात भुरी पहिल्यांदा नजरेस आली १८४५ मध्ये, इंग्लंडमधल्या मार्गेट गावात, टकर नावाच्या माळ्याच्या काचघरात. तिथून काही वर्षांत ती फ्रान्सभर पसरली आणि १८५४ चा हंगाम तर तिथल्या वाईनच्या इतिहासातल्या सगळ्यात वाईट हंगामांपैकी एक ठरला. गंधकाने तिला आवरलं, आजही आवरतं, फक्त कडक उन्हात गंधक पान भाजतं हे लक्षात ठेवायचं.

भुरीत लपलेला काळ आहे तो मण्यांचा. मणी जन्मभर भुरीला बळी पडत नाहीत. फुलोऱ्यापासून पुढचे तीन-चार आठवडे ते अगदी नाजूक असतात, त्यानंतर सालीत प्रतिकार येतो आणि नवीन लागण जवळजवळ थांबते. पण त्या तीन-चार आठवड्यांत लागण झाली असेल तर साल तिथेच थांबते आणि आतला गर वाढतच राहतो, मग एक दिवस मणी तडकतो आणि बिया बाहेर दिसायला लागतात. त्या दिवशी फवारून काय उपयोग? त्या तडकलेल्या मण्याचा निकाल फुलोऱ्याच्या वेळीच लागलेला असतो. ओळीच्या टोकाला गुलाब लावायची पद्धत खूप ठिकाणी आहे आणि गुलाबावर भुरी आधी दिसते, तो इशारा देतो असं सांगतात. गुलाब सुंदर दिसतो, जरूर लावावा, पण गुलाबावरची भुरी वेगळ्या बुरशीची असते, ती द्राक्षाला लागत नाही, तेव्हा त्या भरवशावर राहू नये.

आता करडी कूज, बोट्रायटिस. पिकत आलेल्या घडावर राखाडी बुरशी, एक मणी कुजला की शेजारचा, मग आख्खा घड. सगळे म्हणतात काढणीच्या वेळी पाऊस आला म्हणून झालं. पावसाने झालं हे खरंच आहे, पण अर्धंच. ही बुरशी बऱ्याचदा फुलोऱ्याच्या वेळीच आत येऊन बसलेली असते, फुलाच्या वाळलेल्या भागांवर वाढते, कोवळ्या मण्यात शिरते आणि तिथेच निपचित राहते. कच्च्या मण्यातली आम्लं आणि संरक्षक द्रव्यं तिला वाढू देत नाहीत. मणी मऊ झाला, साखर भरायला लागली, संरक्षण ढिलं पडलं की ती जागी होते. मधे दोन-तीन महिने गेलेले असतात! म्हणून फुलोऱ्यानंतर घडात अडकलेला वाळका कचरा झटकणं, घडाजवळची पानं काढणं, घड फार घट्ट होऊ न देणं, हे सगळं काढणीच्या कितीतरी आधी करायचं असतं. आणि हीच बुरशी फ्रान्समधलं सोतेर्न आणि हंगेरीतलं टोकाय या भागांत, सकाळी धुकं आणि दुपारी ऊन अशा हवेत, मण्यातलं पाणी कमी करून साखर इतकी दाट करते की त्यापासून जगातल्या सगळ्यात नावाजलेल्या गोड वाईन बनतात. बुरशी तीच असते, दुपार कोरडी आहे का ओली एवढाच फरक.

आत्तापर्यंतचे रोग एका हंगामाचे. पुढच्या हंगामात वेल पुन्हा उभी राहू शकते. मला खरी भीती वाटते ती खोडाच्या रोगांची, आणि त्यांच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

छाटणी केली की जखम होते. पाऊस पडला की मेलेल्या लाकडावरच्या बुरशींचे बीजाणू उडतात आणि त्या उघड्या जखमेवर पडतात. युटायपा नावाची बुरशी अशीच शिरते आणि खोडात इंचाइंचाने खाली सरकते. वर काहीच कळत नाही. तीन वर्षांनी, पाच वर्षांनी, कधी त्याहून उशिरा एखाद्या वसंतात एका ओलांड्यावरचे (खोडाच्या आडव्या फांदीवरचे) फुटवे खुरटलेले, पानं बारीक, पिवळट, वाटीसारखी वळलेली दिसतात, आणि शेजारच्या ओलांड्यावर सगळं उत्तम असतं. असं खोड आडवं कापून बघा. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा बराच वेळ ते तुकडे हातात धरून बसलो होतो. गोल लाकडात पाचरीच्या आकाराचा तपकिरी, कडक, मेलेला भाग, त्याचं टोक बरोब्बर गाभ्यापर्यंत गेलेलं, आणि उरलेल्या भागातलं लाकूड फिकट, ओलसर, जिवंत. ती पाचर वरच्या दिशेनं पकडत गेलं, तुकडे कापत कापत, तर ती एका जुन्या मोठ्या छाटणीच्या घावापाशी जाऊन संपते. तो घाव कुणी, कुठल्या वर्षी घातला हे कुणाला आठवणार, पण वेलीने तो जपून ठेवलेला असतो.

एस्का हा त्याचा मोठा भाऊ. त्यात एकापेक्षा जास्त बुरशी असतात, पानांवर शिरांच्या मधे पिवळे-लाल पट्टे येतात, आणि त्याची सगळ्यात भयंकर तऱ्हा म्हणजे कडक उन्हाळ्यात फळांनी भरलेली वेल दोन-चार दिवसांत उभीच्या उभी वाळते. लोक म्हणतात अचानक गेली. अचानक काही जात नाही, आतलं लाकूड कित्येक वर्षं पोखरलं जात होतं, पाण्याची गरज वाढली त्या दिवशी ते उघडं पडलं एवढंच. एस्कावर पूर्वी सोडियम आर्सेनाईट वापरायचे, माणसाला आणि निसर्गाला इतकं घातक की फ्रान्सने २००१ मध्ये त्यावर बंदी आणली, आणि त्यानंतर लागण झालेली वेल हमखास बरी करणारं एकही औषध आलेलं नाही. आता जे करतात ते म्हणजे पावसात छाटणी करायची नाही, जमेल तेवढी उशिरा करायची, मोठे घाव टाळायचे, घावावर लेप किंवा ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी लावायची. काही जण छोट्या चेनसॉने खोडातलं पांढरं, भुसभुशीत कुजलेलं लाकूड कोरून काढतात आणि वेल वाचवतात. काही जण खोड खाली निरोगी लाकूड लागेपर्यंत कापतात आणि खालून आलेला फुटवा नवीन खोड म्हणून वाढवतात. हे दुसरं मला फार पटतं, कारण जुनी मुळं वाचतात. पण घावावर लेप लावण्याचं काम बाग तरुण असताना सुरू करायला पाहिजे, जेव्हा एकही वेल आजारी दिसत नसते, आणि तेव्हाच ते करायला कुणी तयार नसतं, दिसत नाही ना काही, मग कशाला खर्च? दहा वर्षांनी तेच लोक विचारतात की औषध कुठलं.

याच्याही मागे गेलं तर रोप. काही रोग बाग लावायच्या आधीच, काडीतूनच येतात. लीफरोल व्हायरस घ्या, लाल जातींमध्ये हंगामाच्या शेवटी पानं लाल होतात, शिरा मात्र हिरव्या राहतात, आणि पानाच्या कडा खाली वळतात. दिसायला इतकं देखणं की फोटो काढावासा वाटतो. त्या वेलीची द्राक्षं उशिरा पिकतात, साखर कमी भरते, उत्पन्न दरवर्षी थोडं थोडं घटतं. पांढऱ्या जातींत तर हे ओळखणंही कठीण, आणि अमेरिकन खुंटात बहुतेक वेळा काहीच लक्षण दिसत नाही. म्हणजे खुंट निरोगी दिसतो, त्यावर कलम बांधतात, आणि व्हायरस गुपचूप वर चढतो. पुढे पिठ्या ढेकूण तो वेलीवेलीत नेतो, त्याची नुकती जन्मलेली पिल्लं वाऱ्यानेही उडतात. फॅनलीफ नावाचा व्हायरस जमिनीतला सूत्रकृमी (धाग्यासारखा सूक्ष्म जंत) पसरवतो, १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी हे सिद्ध केलं, सूत्रकृमी वनस्पतींचा व्हायरस पसरवतो याचा तो पहिलाच पुरावा होता. वेल काढून टाकली तरी तो सूत्रकृमी व्हायरस घेऊन जमिनीत वर्षानुवर्षं थांबतो आणि नवीन लागवडीला लागतो.

आणि रेड ब्लॉच! कॅलिफोर्नियात २००८ च्या सुमारास लोकांना काही वेलींची पानं विचित्र लाल होताना दिसली, लीफरोलच्या टेस्ट निगेटिव्ह, मग पुढच्या काही वर्षांत नवीन व्हायरस सापडला. सगळ्यांना वाटलं नवा रोग आला. नंतर संशोधकांनी वाळवून जपून ठेवलेले जुने नमुने तपासले तर सोनोमा भागातल्या १९४० सालच्या पानात तोच व्हायरस! जवळजवळ सत्तर वर्षं तो तिथे होता आणि लीफरोल समजून किंवा काहीच न समजून सगळे त्याच्या काड्या कापून एकमेकांना देत राहिले.

बॅक्टेरियाची गोष्टही अशीच लांबलेली. १८८० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियात ॲनाहाईमच्या आसपासच्या बागा काही वर्षांत संपल्या. न्यूटन पिअर्स यांनी १८९२ मध्ये त्याचा सविस्तर अहवाल लिहिला, रोगाला त्यांचंच नाव पडलं, पण कारण त्यांना सापडलं नाही. पुढे कितीतरी दशकं हा व्हायरस आहे असंच मानत होते, १९७० च्या दशकात कळलं की तो बॅक्टेरिया आहे, आणि झायलेला फास्टिडिओसा हे नाव मिळायला १९८७ उजाडलं. तो वेलीच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत राहतो, नळ्या तुंबतात, पानाच्या कडा भाजल्यासारख्या होतात, पातं गळतं आणि देठ मात्र काडीवर तसाच चिकटून राहतो, हे त्याचं पक्कं लक्षण. तुडतुडे त्याला पसरवतात. १९९० च्या दशकाच्या शेवटी लांब उडणारा मोठा तुडतुडा दक्षिण कॅलिफोर्नियातल्या टेमेक्युला भागात वाढला आणि तिथल्या बागांचं प्रचंड नुकसान झालं. फ्लावेसान्स डोरे हा फायटोप्लाझ्माचा (बॅक्टेरियासारख्या एका सूक्ष्म जीवाचा) रोगही तुडतुड्यानेच पसरतो, तो १९५० च्या दशकात नैऋत्य फ्रान्समध्ये दिसला, आणि त्यात यंदा लागण झालेली वेल बहुतेक पुढच्या उन्हाळ्यात लक्षणं दाखवते. तोपर्यंत तुडतुडे तिच्यावरून उठून पन्नास वेलींवर बसून आलेले असतात. म्हणून तिथे रोगी वेल कायद्यानेच उपटावी लागते, आणि मला ते कठोर वाटत नाही, शेजाऱ्याची बाग त्यावर अवलंबून असते.

फिलॉक्सेरावर शेवटी उपाय निघाला तो खुंटाचा. अमेरिकन वेलींची मुळं त्या किडीबरोबर हजारो वर्षं वाढली होती, त्यांना ती सोसायची सवय होती, मग अमेरिकन खुंटावर युरोपियन जातीचं कलम करायला सुरुवात झाली आणि आज जगातल्या बहुतेक बागा अशाच उभ्या आहेत. चिली आणि साऊथ ऑस्ट्रेलियासारखे थोडे भाग अजून फिलॉक्सेरापासून मुक्त आहेत, ते काटेकोर क्वारंटाईनमुळे. पण खुंट निवडतानासुद्धा तोच धडा. कॅलिफोर्नियात एएक्सआर-१ नावाचा खुंट दशकानुदशकं लावला, वाढ छान, उत्पन्न छान. त्याचा एक पालक युरोपियन द्राक्ष होता, म्हणून तो पुरेसा टिकाऊ नाही असा इशारा इतर देशांच्या अनुभवातून आधीच मिळालेला होता. १९८० च्या दशकात नापा आणि सोनोमात तो फिलॉक्सेरापुढे कोसळला आणि हजारो एकर पुन्हा लावावे लागले. इशारा होता, डाग नव्हता, म्हणून कुणी ऐकलं नाही.

तेव्हा कुणी नवीन बाग लावायची म्हणून मला विचारलं तर मी औषधांचं बोलतच नाही, आधी रोपाचं विचारतो. कुठल्या मातृवेलीची काडी, तिची व्हायरस टेस्ट कधी झाली, खुंटाची वेगळी झाली का. पूर्वी ही तपासणी करायला संशयित वेलीचा डोळा (काडीवरची कळी) संवेदनशील जातीवर बांधून दोन-दोन वर्षं वाट बघायचे, आता पीसीआरने (व्हायरसचं जनुकीय द्रव्य शोधणाऱ्या चाचणीने) काही दिवसांत कळतं, मग न करायला कारण काय? सुप्त काड्या ५० अंशांच्या गरम पाण्यात ४५ मिनिटं ठेवल्या तर फायटोप्लाझ्मा मरतो, व्हायरस मात्र त्याने जात नाही, म्हणजे टेस्टला पर्याय नाही. नवीन रोगप्रतिकारक जातींकडे मी मोठ्या आशेनं बघतो. फ्रान्सने २०१८ मध्ये आर्ताबान, विदोक, फ्लोरेआल, व्होल्टिस या डाऊनी आणि भुरीला दाद न देणाऱ्या जाती मान्य केल्या आणि त्यांना फवारे खूप कमी लागतात. त्यांत प्रतिकाराचे एकापेक्षा जास्त जनुक मुद्दाम एकत्र आणलेत, कारण एकाच जनुकावर विसंबलं तर डाऊनी तोही ओलांडते हे दिसलेलं आहे. त्यांनाही अधूनमधून फवारा लागतोच, आणि खोडाच्या रोगांपासून त्यांना काही वेगळं संरक्षण नाही, छाटणीचा घाव त्यांचाही उघडाच.

आणि जुनी बाग असेल तर एक काम यंदाच करा. हंगामाच्या शेवटी, पानं गळायच्या आधी, ओळीओळीतून सावकाश फिरा, लाल पडलेली, पट्टे आलेली, खुरटलेली, एका बाजूने मंद वाटणारी प्रत्येक वेल बघा आणि तिच्या खोडाला रंगीत पट्टी बांधा, लीफरोलची शंका असेल तर एक रंग, खोडाच्या रोगाची असेल तर दुसरा. पानं गेली की सगळ्या वेली सारख्याच दिसतात आणि छाटणीच्या वेळी काहीच ओळखू येत नाही. पट्टी असेल तर खोडाच्या रोगाची वेल शेवटी, वेगळ्या दिवशी छाटता येते, तिचं लाकूड बागेबाहेर नेता येतं, आणि मुख्य म्हणजे लावायला काड्या काढताना तिच्या जवळ कुणी जात नाही.